उकिरड्यावरचे मूल, मगधाचा महावैद्य : जीवक



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एक लेख द्या, असे मंडळाच्या पोरांनी मला सांगितले. मी काही पंडित नाही. सातवीत शाळा सुटली, पुढे गिरणीत लागलो. बाकीचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर झाले. पाली भाषा मला येत नाही. मराठी-हिंदीत जे भाषांतर झाले आहे ते वाचतो, एकदा नाही दोनदा वाचतो, आणि मगच बोलतो. कुठे चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

दरवर्षी आपण बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई, शाहू महाराज यांच्यावर लेख लिहितो, आणि लिहायलाच पाहिजेत. यंदा मात्र मी एका अशा माणसाचे चरित्र सांगणार आहे, ज्याचे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण आयुष्य फार थोड्यांना माहीत आहे. हा माणूस म्हणजे भगवान बुद्धांचा वैद्य, जीवक.

हाच विषय का, ते आधी सांगतो. मागे माझी आई आजारी होती, सार्वजनिक दवाखान्यात होती. रात्री मी तिच्या खाटेशेजारी जमिनीवर चादर टाकून झोपायचो. बाजूच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ कोणी नव्हते. एका रात्री दोनच्या सुमाराला त्यांना जुलाब झाले आणि सगळे अंथरूण भरले. वास सुटला. मी काय केले? कूस बदलली आणि टॉवेल तोंडावर ओढला. थोड्या वेळाने एक तरुण सिस्टर आणि एक मावशी आल्या. त्यांनी पडदा ओढला, कोमट पाणी आणले, म्हाताऱ्याला पुसून काढले, चादर बदलली. सगळा वेळ ती पोरगी त्यांच्याशी बाबा, बाबा म्हणून बोलत होती.

सकाळी मला आठवले की वर्षावासात याच विहाराच्या व्यासपीठावरून मी एक गोष्ट सांगितली होती. बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले, ती गोष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि वेळ आली तेव्हा त्या गोष्टीच्या वक्त्याने तोंडावर टॉवेल घेतला! त्या लाजेपोटी मी ती गोष्ट मुळातून शोधायला लागलो. ती विनयपिटकातल्या महावग्ग या ग्रंथात, चीवराविषयीच्या आठव्या भागात आहे. आणि बघा, त्याच भागाची सुरुवात जीवकाच्या चरित्राने होते. वैद्य आणि शुश्रूषा, दोन्ही एकाच प्रकरणात. म्हणून ठरवले की यंदा जीवकावर लिहायचे.

सुपात घातलेले मूल

अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. मगध देशाची राजधानी राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधले राजगीर. राजा होता बिंबिसार. त्या काळी वैशाली नगरी आम्रपालीमुळे गाजत होती. तशी एखादी कलावती गणिका आपल्याही नगरात असावी, असे राजगृहाच्या एका धनिकाने राजाला सुचवले आणि सालवती नावाच्या तरुणीची निवड झाली. ती नृत्य, गायन, वादन यांत निपुण होती. पुढे तिला दिवस गेले. गरोदर बाई लोकांना नको असते, आपली किंमत जाईल, या भीतीने तिने आजारी असल्याचे सांगून दार लावून घेतले. मुलगा झाला. तिने दासीला सांगितले, याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून ये. दासीने तसे केले.

आपल्या मायबहिणींना सूप काय ते सांगायला नको. पाखडताना कण आत राहतो आणि फोल बाहेर पडते. इथे मात्र समाजाने कणच बाहेर फेकला! सालवतीला मी दोष देत नाही. बाईच्या देहाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेने तिच्या हातून ते करवले.

सकाळी अभय नावाचा राजपुत्र राजाच्या भेटीला निघाला होता. उकिरड्यावर कावळे जमलेले त्याला दिसले. काय आहे म्हणून त्याने चौकशी केली. मूल आहे, असे माणसांनी सांगितले. जिवंत आहे का, असे त्याने विचारले. जिवंत आहे, असे उत्तर आले. त्या जिवंत असण्यावरूनच मुलाचे नाव पडले जीवक. राजकुमाराने वाढवले म्हणून कोमारभच्च. तिबेटी परंपरेत त्याच्या जन्माची हकीकत वेगळी दिली आहे. मी इथे पाली विनयातली कथा सांगतो आहे.

मुलगा जाणता झाला तेव्हा त्याने अभयला विचारले की माझी आई कोण, बाप कोण. तुझी आई मलाही ठाऊक नाही, पण मी तुला वाढवले म्हणून मीच तुझा बाप, असे अभयने सांगितले. हे ऐकून जीवक रडत बसला नाही. त्याने सरळ विचार केला की राजवाड्यात अंगी हुन्नर असल्याशिवाय निभाव लागायचा नाही. जात नाही, कूळ नाही, मागे कोणी नाही, अशा माणसाला हातातली विद्याच तारते. आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तक्षशिलेची सात वर्षे

त्या काळी वैद्यकीचा एक नामांकित आचार्य तक्षशिलेला होता. तक्षशिला आज पाकिस्तानात आहे. राजगृहाहून तिथे जायचे म्हणजे महिनोन्महिन्यांचा प्रवास. जीवक अभयलाही न सांगता निघाला. आचार्यांजवळ तो सात वर्षे शिकला. पुष्कळ शिकत होता, लवकर शिकत होता, शिकलेले विसरत नव्हता. पण या विद्येला अंत काही दिसेना. शेवटी त्याने आचार्यांनाच विचारले की हे शिक्षण संपणार कधी.

आचार्यांनी त्याच्या हातात कुदळ दिली. तक्षशिलेच्या भोवती एक योजन फीर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये, असे सांगितले. जीवक सगळे रान पालथे घालून परत आला, रिकाम्या हाताने. औषधी नाही असे काहीच सापडले नाही, असे त्याने सांगितले. तुझे शिक्षण पुरे झाले, असे म्हणून आचार्यांनी त्याला थोडी शिदोरी दिली आणि निरोप दिला.

मला ही परीक्षा फार मोठी वाटते. ज्याला स्वतःला निरुपयोगी म्हणून टाकून दिले होते, तोच पोरगा निरुपयोगी वनस्पती शोधायला निघाला आणि जगात निरुपयोगी काही नाही हे शिकून आला.

पहिली कमाई

साकेत नगराजवळ शिदोरी संपली. साकेतमध्ये एका श्रेष्ठीची बायको सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य आले, सोने घेऊन गेले, गुण काही आला नाही. जीवक दारात उभा राहिला. हा पोरसवदा वैद्य काय करणार, म्हणून बाईंनी आधी नकार दिला. जीवकाने निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर मनाला येईल ते द्या.

त्याने पसाभर तूप निरनिराळ्या औषधांत कढवले आणि बाईंना उताणे झोपवून नाकावाटे दिले. ते तोंडातून बाहेर आले. बाईंनी ते भांड्यात थुंकले आणि दासीला सांगितले की कापसाने टिपून ठेव. जीवक चक्रावला. एवढी कंजूष बाई आपल्याला काय देणार! बाईंनी त्याचे तोंड ओळखले. संसारी बाईला काटकसर कळते, हे तूप चाकरांच्या पायाला लावायला किंवा दिव्यात घालायला होईल, तुझे मानधन बुडणार नाही, असे त्यांनी समजावले. त्या एकाच नस्याने सात वर्षांचे दुखणे गेले. बाई, मुलगा, सून आणि श्रेष्ठी, प्रत्येकाने चार-चार हजार दिले. सोळा हजारांची ही पहिली कमाई घेऊन जीवक राजगृहाला आला आणि ती सगळी त्याने अभयपुढे ठेवली. माझ्या पालनपोषणाबद्दल घ्या, असे म्हणाला. अभयने एक पैसा घेतला नाही. आपल्याच वाड्याच्या आवारात घर बांधून राहा, असे त्याने सांगितले.

आजार झाकणारा राजा आणि हट्टी रोगी

नंतरची हकीकत बिंबिसार राजाची. राजाला भगंदर झाले होते. वस्त्रांना रक्ताचे डाग पडत आणि राण्या हसत. राजा लाजेने मान खाली घाली. राजा असला म्हणून काय, दुखणे आणि त्याची लाज सगळ्यांना सारखीच. जीवकाने नखावर लेप नेऊन लावला आणि राजा बरा झाला. राजाने दागिन्यांची रास पुढे केली. जीवकाने ती घेतली नाही, आपली सेवा राजाने स्मरणात ठेवावी एवढेच मागितले. मग राजाने त्याच्यावर तीन ठिकाणचे काम सोपवले : स्वतः राजा, अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघ. ही नेमणूक लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर त्याने शस्त्रक्रिया केल्याची कथा आहे. डोक्याची त्वचा चिरून आतले किडे काढले, परत शिवले, असे वर्णन आहे. यातला किती तपशील जसाच्या तसा घ्यायचा, ते प्रत्येकाने विवेकाने ठरवावे. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीची कसोटी दिलेली आहे. पण त्या कथेत रोग्याशी वागण्याची जी रीत सांगितली आहे, ती शंभर टक्के खरी वाटते. शस्त्रक्रियेआधी जीवकाने विचारले की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहाल का. श्रेष्ठी हो म्हणाला. प्रत्यक्षात दर कुशीला सात दिवसांतच कंटाळला. एकवीस दिवस झाल्यावर जीवकाने सांगितले की एवढेच दिवस लागणार होते, पण तेवढेच सांगितले असते तर तेवढेही पडून राहिला नसतात! ज्याने घरी हट्टी रोगी सांभाळला आहे त्याला हे वाचून हसू येईल.

वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांट्या मारताना आतड्याला पीळ पडला होता. खाल्लेले पचेना, अंग पिवळे पडले, शिरा दिसू लागल्या. जीवकाने बघ्यांना बाहेर घालवले, पडदा लावला, मुलाच्या बायकोला समोर उभे केले, पोट चिरून आतड्याची गाठ काढून तिला दाखवली, आतडे जागेवर ठेवले आणि पोट शिवले. पडदा लावणे ही बारीक गोष्ट आहे. पण त्या रात्री सिस्टरने म्हाताऱ्याभोवती ओढलेला पडदा मला इथे आठवला. रोग्याची अब्रू राखणे हा उपचाराचाच भाग आहे, हे इतके जुने आहे.

उज्जैनचा राजा प्रद्योत फार तापट, म्हणून त्याला चंडप्रद्योत म्हणत. त्याला पांडुरोग झाला. औषध तुपातले आणि राजाला तुपाचा तिटकारा! जीवकाने तुपाचा रंग, वास, चव काढ्यासारखी करून ते पाजले आणि राजाच्याच भद्रवतिका हत्तिणीवर बसून आधीच पोबारा केला. पाठलागावर आलेल्या काक नावाच्या दासाला त्याने अर्धा आवळा खायला दिला. त्या आवळ्यात औषध होते, दासाला रेच झाले. मग जीवकाने हत्तीण त्याच्या ताब्यात दिली आणि स्वतः राजगृहाला निघून गेला. इकडे राजा बरा झाला. खूश होऊन त्याने शिवी देशाच्या उंची वस्त्रांची जोडी पाठवली.

ती वस्त्रे जीवकाने अंगावर घातली नाहीत. भगवंतांना अस्वस्थ वाटत होते तेव्हा त्याने आधी काही दिवस तेलाने अंगाला स्निग्धता आणवली, मग तीव्र रेचक टाळून औषधी कमळांच्या गंधाने सौम्य विरेचन दिले, आणि ती वस्त्रे भगवंतांना अर्पण केली. तोवर भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्यांची चीवरे वापरीत. गृहस्थांनी दिलेले चीवर घ्यायला भिक्खूंना परवानगी असावी, अशी विनंती जीवकाने केली आणि बुद्धांनी ती मान्य केली. चीवराच्या प्रकरणात जीवकाचे चरित्र आले ते यामुळे. उकिरड्यावर सापडलेल्या माणसाने भिक्खूंना उकिरड्यावरच्या चिंध्यांतून मोकळे केले.

दारात उभे राहिलेले रोगी

आता चरित्रातला तो भाग सांगतो, जो भाषणांत सहसा येत नाही. मला तो खुपला. पण खुपतो म्हणून गाळायचा, हे आपल्याला शोभत नाही.

मगधात एकदा पाच रोगांची साथ वाढली : कुष्ठ, गंड, कोडासारखा त्वचारोग, क्षय आणि अपस्मार. माणसे जीवकाच्या दारात आली. आम्हाला बरे करा, आमचे सगळे घ्या, आम्ही तुमचे दास होऊ, असे विनवू लागली. जीवकाने नाही म्हटले. राजा, अंतःपुर आणि संघ यांचे काम माझ्याकडे आहे, मला जमणार नाही, असे त्याने सांगितले. मग लोकांनी वाट काढली. संघात प्रवेश घेतला की भिक्खू शुश्रूषा करतील आणि जीवक औषध देईल. तसे त्यांनी केले. बरे झाले की चीवर उतरवून घरी जात. संघावर रोग्यांचा भार पडला, भिक्खू औषध मागत दारोदार फिरू लागले, जीवकाच्या राजसेवेत खंड पडू लागला. बरा होऊन घरी गेलेला असा एक माणूस जीवकाला भेटला, तेव्हा त्याला वाईट वाटले. त्याने बुद्धांकडे जाऊन विनंती केली आणि या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

बांधवांनो, नियम का झाला ते कळते. संघ ही धम्माची शाळा होती, दवाखाना नव्हता. एकटा वैद्य सगळ्या मगधाला पुरणार नव्हता. पण ज्यांनी औषधासाठी मुंडण केले त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जीव वाचवायला दुसरे दार उघडे नव्हते. एवढा गुणी वैद्य होता, पण त्याचा वेळ राजाने आधीच वाटून टाकला होता. गिरणीत कार्डिंग खात्यात कापसाची तूस छातीत जाऊन खोकणारे सोबती मी पाहिले आहेत. चांगला डॉक्टर शहरात असणे आणि तो आपल्याला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. जीवकाच्या दारातला तो प्रश्न तसाच उरला. त्याचे उत्तर पुढे येते.

बुद्धांनी घालून दिलेले नियम

आता ती मूळ गोष्ट. बुद्ध आनंदासोबत भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत होते. एका जागी एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी काळजी घेणारा कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. मी इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी माझ्याकडे बघत नाही, असे त्याने सांगितले. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला पाठवले. बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले.

नंतर भिक्खूंना बोलावून त्यांनी समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघायचे. आजाऱ्याची शुश्रूषा ही माझीच शुश्रूषा समजा. पण ते उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी जबाबदारी नेमून दिली. गुरूने शिष्याची, शिष्याने गुरूची, बरोबर राहणाऱ्याने सोबत्याची काळजी घ्यायची, आणि यातले कोणी नसेल तर सगळ्या संघाने.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला पथ्य काय, अपथ्य काय, ते कळावे. काही मिळेल म्हणून नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस येऊ नये. आणि वेळोवेळी रोग्याला धीर देणारे चार शब्द बोलता यावेत. रोग्यालाही जबाबदारी दिली : पथ्य पाळावे, प्रमाण सांभाळावे, औषध घ्यावे, दुखणे आहे तसे खरे सांगावे, वेदना सोसाव्यात.

आणि लगेच पुढचा नियम वाचून तर मी चकितच झालो. आजारी भिक्खू वारला तर त्याचे पात्र आणि चीवर कोणाला? ज्याने शेवटपर्यंत शुश्रूषा केली त्याला, कारण शुश्रूषा करणाऱ्याचे उपकार मोठे असतात. शुश्रूषा करणारा लहान श्रामणेर असला तरी त्याला बरोबरीचा वाटा. म्हणजे सेवा मैत्रीने करायची, पण जो सेवा करतो त्याला समाजाने कोरडे ठेवायचे नाही. बोनससाठी आणि हक्कासाठी आम्ही गिरणीच्या दारात उभे राहिलो आहोत, त्यामुळे हा नियम मला पटकन समजला.

आम्रवनातला वैद्य

जीवकाला दिवसातून दोन-तीनदा बुद्धांच्या दर्शनाला जाण्याची इच्छा असे आणि वेळुवन त्याच्या घरापासून लांब पडे. म्हणून त्याने राजगृहातल्या आपल्या आंब्याच्या बागेत विहार बांधून तो संघाला दान केला. हेच जीवकाचे आम्रवन.

तिथली एक हकीकत अट्ठकथेत आहे. देवदत्ताने गृध्रकूट पर्वतावरून दगड ढकलला, त्याची कपची लागून बुद्धांच्या पायाला जखम झाली. त्यांना आम्रवनात आणले. जीवकाने औषध लावून पट्टी बांधली आणि शहरातल्या दुसऱ्या रोग्याकडे गेला. पट्टी ठराविक वेळी सोडायची होती. पण परतताना नगराचे दरवाजे बंद झाले आणि तो आतच अडकला. रात्रभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पट्टी सुटली नाही तर भगवंतांना आग होईल, ही काळजी. इकडे बुद्धांनी वेळ ओळखून आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली होती. सकाळी पाहतो तर जखम भरलेली. घरी गेल्यावरही ज्याच्या डोक्यातून रोगी जात नाही, तो खरा वैद्य.

रोग होऊच नये याकडेही त्याचे लक्ष होते. वैशालीत गोडधोड खाऊन भिक्खूंच्या प्रकृती बिघडलेल्या त्याने पाहिल्या. औषध देत बसण्याऐवजी त्याने बुद्धांना विनंती केली की भिक्खूंना फेऱ्या मारायला चंक्रमणाची जागा आणि अंग शेकायला स्नानगृह असू द्यावे. त्याला परवानगी मिळाली.

बिंबिसाराला त्याच्याच मुलाने, अजातशत्रूने, कैदेत घालून मारले. जीवक राजवाड्यातच राहिला. एका पौर्णिमेच्या रात्री बापाला मारणाऱ्या त्या बेचैन राजाला त्यानेच हत्तीवर बसवून आम्रवनात बुद्धांकडे नेले. बाराशे पन्नास भिक्खू बसले असून चिडीचूप शांतता! राजाला दग्याचा संशय आला. जीवकाने त्याला धीर देऊन पुढे नेले. मनाचे दुखणे आपल्या औषधाने जाणार नाही, तिथे दुसऱ्याकडे पाठवावे, हे त्याला कळत होते. बुद्धांनी जीवकाला लोकांना प्रिय असलेल्या उपासकांत अग्र म्हटले आहे. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्याच्या धम्मदीक्षेचा प्रसंग आहे. राजगीरला आम्रवनाची म्हणून ओळखली जाणारी जागा उत्खननात उघडी झाली आहे. लंबवर्तुळाकार दालनांचे पाये तिथे दिसतात. थायलंडमध्ये तर पारंपरिक वैद्यक आणि अंगमर्दनाचे लोक आजही जीवकाला आद्य गुरू मानून वंदन करतात.

दार उघडले

जीवकाच्या दारातल्या रोग्यांचे उत्तर इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने दिले. गिरनार आणि इतर ठिकाणच्या दुसऱ्या शिलालेखात त्याने कोरले आहे की आपल्या राज्यात आणि सीमेपलीकडच्या चोल, पांड्य, ताम्रपर्णी, यवन राजांच्या मुलखातही माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केली. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. रस्त्यांवर झाडे लावली, विहिरी खोदल्या. आपल्या सोपाऱ्यातही अशोकाचे लेख होते. तिथे १८८२ साली आठव्या लेखाचा तुकडा सापडला, नंतर नवव्याचाही. पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान पाटलिपुत्राला आला. गरीब, पोरके, अपंग, आजारी अशा सगळ्यांना जिथे अन्न आणि औषध फुकट मिळते आणि बरे वाटल्यावर ते आपल्या पायांनी जातात, अशी घरे त्याने पाहिली आणि लिहून ठेवली.

राजाचा वैद्य, संघाची शुश्रूषा आणि शेवटी सगळ्यांसाठी उघडे दार, अशी ही वाट आहे. दवाखान्याच्या मागची खरी मूल्ये तिच्यात दिसतात : विद्या हवी, किळस नको, रोग्याची अब्रू राखायची, सेवा करणाऱ्याचा वाटा द्यायचा आणि दारात आलेल्याला परत पाठवायचे नाही.

आपण काय करणार?

आता थोडे घरचे बोलतो. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली नर्स आहेत, कितीतरी मावश्या आया आणि सफाईचे काम करतात. आणि आपल्यातच असे लोक आहेत जे सोयरीक बघताना मुलगी रात्रपाळी करते म्हणून नाक मुरडतात, पुरुषांची घाण काढते म्हणून कुजबुजतात. बुद्धांनी जे काम आपल्या हातांनी केले ते करणाऱ्या मुलीपुढे नाक मुरडायचे आणि विहारात येऊन वंदना म्हणायची, हे कसे जमते? विटाळाने आपल्याला पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवले. तो विटाळ आपणच या मुलींच्या कपाळी लावू नये. पुढच्या वर्धापनदिनाला पहिला सत्कार त्यांचा व्हावा, अशी माझी सूचना आहे.

दुसरी विनंती तरुणांना. दवाखान्यात ज्याच्याजवळ रात्री बसायला कोणी नाही, अशा रोग्यापाशी आळीपाळीने बसायला आपल्या विहाराने माणसे द्यावीत. पैसा लागत नाही. विहाराच्या फळ्यावर नावे लिहायची आणि वार वाटून घ्यायचे. डॉक्टर-सिस्टरांच्या कामात लुडबुड करायची नाही. पाणी द्यायचे, हाक मारून आणायचे, चार शब्द बोलायचे आणि वेळ पडली तर हात घालायचा.

शनिवारच्या रात्रीसमोर पहिले नाव माझे लिहा. त्या म्हाताऱ्या बाबांचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. आईला घरी आणताना त्यांची खाट रिकामी होती. त्यांच्याकडे पाठ फिरवली ते आता फिटणार नाही. पण पुढच्या वेळी टॉवेल तोंडावर जाणार नाही, एवढे तरी माझ्या हातात आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.